बाळंतपणाची पगारी रजा: पैसे कोण देतं, किती देतं आणि कुठे अडतं

बाळंतपणाच्या रजेचे पैसे अडतात ते बहुतेक वेळा तारखेवर आणि कागदावर. कायदा त्यामानाने सरळ आहे. डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख सांगितली की त्याच आठवड्यात हिशेबाला बसा. डोहाळजेवणाच्या गडबडीत, सातव्या-आठव्या महिन्यात एचआरकडे पहिल्यांदा गेलात, तर काही चुकलेलं दुरुस्त करायला वेळच उरत नाही.

नियम कुठले, तेही आधी स्पष्ट असू द्या. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. २६ आठवडे, ८० दिवसांची अट, पाळणाघर, नोकरीचं संरक्षण हे सगळं नव्या संहितेतही आहे. तेव्हा 'नवीन कायदा आलाय, नियम येईपर्यंत थांबा' असं कुणी म्हणालं तर थांबू नका.

आधी पैसे देणारा कोण ते शोधा

पगाराची स्लिप समोर घ्या. त्यात ईएसआय म्हणून ०.७५ टक्के कपात दिसत असेल, तर रजेचे पैसे कंपनी नव्हे, कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू आहे (दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा २५,०००). पगार मध्येच वाढून २१,००० च्या वर गेला, तरी चालू सहामाही संपेपर्यंत कपात आणि संरक्षण दोन्ही सुरू राहतात.

कपात नाही आणि आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं आहेत? मग पैसे मालक देणार. दहाचा आकडा आजचा धरायचा नाही. मागच्या १२ महिन्यांत कुठल्याही एका दिवशी दहा माणसं कामावर होती, तरी नियम लागू होतो. कारखाना, खाण आणि मळ्यांना हा आकड्याचा निकष नाहीच.

सरकारी नोकरीत सेवा नियम वेगळे आहेत, आणि ज्यांना पगारच नाही किंवा ज्या लहान दुकानात, घरकामात, शेतात राबतात त्यांच्यासाठी योजना वेगळ्या. दोन्ही पुढे येतील.

कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या बायकांना हमखास सांगितलं जातं की 'तुम्ही कायम नाही, तुम्हाला रजा नाही.' हे खरं नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगार बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हा मुद्दा निकाली काढला. २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं: करार रजेच्या मध्येच संपत असला, तरी २६ आठवड्यांचा पूर्ण लाभ द्यावा लागतो. प्रोबेशनवर असणं हीसुद्धा अडचण नाही. अट एकच, दिवसांची.

८० दिवस, आणि ते कसे मोजायचे

मालकाकडून लाभ हवा असेल तर अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. प्रत्यक्ष कामाचे दिवस धरायचे. कायद्याने दिलेल्या पगारी सुट्ट्या आणि ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकाने बसवून ठेवलेले) दिवसही त्यात येतात, पण साप्ताहिक सुट्टी आपोआप धरली जाईल असं गृहीत धरू नका.

एक नेमकं उदाहरण घ्या. अपेक्षित तारीख १५ सप्टेंबर २०२६. बाई १ जून २०२६ ला नव्या नोकरीत रुजू झाली, रविवारी सुट्टी, एकही खाडा नाही, आणि १ सप्टेंबरपासून रजा. जूनचे २६, जुलैचे २७, ऑगस्टचे २६ (१५ ऑगस्ट धरून). बेरीज ७९. एक दिवस कमी! तिने २ सप्टेंबरपर्यंत काम केलं की अट आरामात पूर्ण होते. पाच दिवसांचा आठवडा असेल तर हीच बाई ८० च्या बरीच खाली राहते. गरोदरपणात नोकरी बदलण्याचा विचार असेल तर राजीनामा देण्याआधी कॅलेंडर घेऊन हे गणित करा.

ईएसआयमध्ये गणित वेगळं आहे आणि नव्या माणसाला ते इथेच चकवतं. तिथे अट ७० दिवसांच्या वर्गणीची आहे, पण कुठल्या काळातले ७० दिवस ते ठरलेलं असतं. १ एप्रिल ते ३० सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनमध्ये मिळतो. १ ऑक्टोबर ते ३१ मार्चच्या वर्गणीचा लाभ १ जुलै ते ३१ डिसेंबरमध्ये. म्हणजे सप्टेंबर २०२६ मधल्या प्रसूतीसाठी एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या दोन वर्गणी-काळांत मिळून ७० दिवस लागतील. एप्रिल २०२६ नंतर भरलेली वर्गणी या बाळंतपणाला उपयोगाची नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आलेल्या व्यक्तीचा लाभाचा काळ नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो.

कंत्राटदार वर्गणी कापतो पण भरत नाही, हा प्रकार नवा नाही. म्हणून चौथ्या महिन्यातच ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाने लॉगिन करून महिन्यागणिक वर्गणी जमा दिसते का ते पाहा आणि पानाची छापील प्रत काढून ठेवा.

रजा कधी सुरू करायची

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. दोन मुलं हयात असताना तिसरं बाळंतपण आलं तर १२ आठवडे, त्यातले सहा आधी. हे १८२ दिवस सलग मोजतात. रविवार, दिवाळी, सगळं त्यातच.

१५ सप्टेंबर २०२६ हीच तारीख धरू. लवकरात लवकर २१ जुलैला रजा सुरू करता येईल. तशी केली तर १८ जानेवारी २०२७ ला ती संपेल. १ सप्टेंबरला सुरू केली तर १ मार्च २०२७ पर्यंत चालेल. आधी जितकी वापराल तितकी बाळासोबतची कमी होते, म्हणून तब्येत साथ देत असेल तर उशिरा सुरू करणं शहाणपणाचं. तब्येत साथ देत नसेल तर मात्र रजा वाचवायच्या नादात ओढाताण करू नका. गरोदरपणातून किंवा प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारासाठी, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणासाठी, एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा मिळते. ती या २६ आठवड्यांच्या वर आहे आणि फार थोड्या जणी मागतात. डॉक्टरांच्या दाखल्यावर आजाराचं नाव आणि किती दिवस विश्रांती हवी ते स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं 'बेड रेस्ट' लिहिलेला दाखला परत येतो.

प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत तुम्हाला कामावर घेणं हाच मालकाचा गुन्हा आहे. 'घरून दोन मेल टाक' हेसुद्धा काम धरायचं.

पहिल्या खेपेला जुळी झाली तर पुढच्या बाळंतपणाच्या वेळी दोन मुलं हयात असतात, त्यामुळे तेव्हा १२ आठवडेच मिळतात. नवऱ्याची आधीच्या लग्नाची मुलं असतील तर? चंदीगडच्या एका परिचारिकेच्या, दीपिका सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशा मुलांचं कारण दाखवून तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळाची रजा नाकारता येणार नाही असा निकाल दिला. तो सरकारी सेवा नियमांबद्दल होता, पण एचआरपुढे ठेवायला भक्कम आहे.

अर्ज

रजेचा अर्ज म्हणजे कायद्याने द्यायची नोटीस. 'रजा मंजूर व्हावी ही विनंती' असं लिहायची गरज नाही. मजकूर एवढा पुरे:

"मी (नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग) आपल्याकडे (तारीख) पासून कामावर आहे. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १५ सप्टेंबर २०२६ आहे. मी १ सप्टेंबर २०२६ पासून २६ आठवड्यांच्या मातृत्व रजेवर जात आहे. या काळात मी अन्य कुठेही काम करणार नाही. देय रक्कम माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावी. माझ्या पश्चात ती (नामनिर्देशित व्यक्तीचं नाव आणि नातं) यांना द्यावी. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे."

नामनिर्देशनाची ओळ अशुभ वाटते म्हणून गाळू नका. नको ती वेळ आली, तर पैसे कुणाला द्यायचे या वादात कुटुंब महिनोन्महिने फिरत राहतं.

अर्ज कंपनीच्या ईमेलवरून पाठवा आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावरही ठेवा, कारण रजेत कंपनीचं खातं कधीकधी बंद केलं जातं. कागदी अर्ज असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. सुपरवायझरच्या हातात दिला आणि पोच घेतली नाही, तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा. नोटीस द्यायला उशीर झाला तरी हक्क जात नाही. बाळंतपणानंतरही देता येते.

ईएसआयवाल्यांनी आपल्या नेमलेल्या दवाखान्यात किंवा ईएसआय रुग्णालयात लवकर नाव नोंदवावं. गरोदरपणाचा, अपेक्षित तारखेचा आणि नंतर प्रसूतीचा दाखला तिथूनच पुढे सरकतो. दाव्याचा अर्ज फॉर्म १९; तो शाखा कार्यालयात देता येतो आणि पोर्टलवरूनही करता येतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत इथे आडवी येते. नोकरी चाकणला, माहेर सोलापूरला, प्रसूती तिथल्या खासगी दवाखान्यात, आणि ईएसआयच्या डॉक्टरांनी बाईला तपासलेलंच नाही, अशी फाइल अडकते. माहेरी जाण्याआधी इथल्या दवाखान्यातून गरोदरपणाचा दाखला घ्या आणि तिकडच्या जवळच्या ईएसआय दवाखान्यात दाखवून ठेवा. ईएसआयची प्रसूतीची सोय नसलेल्या ठिकाणी बाळंतपण झालं तर खर्चापोटी ७,५०० रुपये मिळतात, दोन बाळंतपणांपर्यंत. बँक खात्याचं नाव आणि विमा नोंदीतलं नाव यांत माहेर-सासरच्या आडनावाचा फरक असेल तर तो आधी मिटवा.

किती पैसे

रजेवर जाण्याच्या लगेच आधीचे तीन महिने घ्या. त्यांत जितके दिवस काम केलं, त्यांचं सरासरी रोजचं वेतन काढा आणि १८२ ने गुणा. चूक होते ती गुणाकारात. दिवसाला ५०० रुपये मिळवणाऱ्या बाईला १८२ दिवसांचे ९१,००० व्हायला हवेत. मालक रविवार वगळून १५६ दिवस धरतो आणि ७८,००० देतो. फरक १३,००० रुपयांचा. आठवडा म्हणजे सात दिवस, रविवारचेही पैसे द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका मळा कामगार बाईच्या प्रकरणात १९७७ सालीच सांगितलं आहे. तेव्हा रोजंदारीवाल्यांनी हिशेबाचा कागद मागून दिवसांचा आकडा स्वतः तपासावा.

मासिक पगारवाल्यांना बहुधा नेहमीचा पगार चालू राहतो. तरी एक प्रश्न लेखी विचारून ठेवा: मूळ वेतनावर देणार की घरभाड्यासकट? जुन्या कायद्यात घरभाडं आणि इतर रोख भत्ते वेतनात धरले जात. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे: घरभाडं, प्रवासभत्ता असे घटक बाहेर, पण ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पुन्हा वेतनात. एचआरने कुठली पद्धत धरली आहे ते रजेआधी कळलं तर भांडायला वेळ मिळतो.

कायद्याप्रमाणे प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेली प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत द्यायची असते. कंपनी प्रसूतीपूर्व व नंतरची वैद्यकीय सेवा मोफत देत नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही आहे. रक्कम छोटी, पण मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

घडी विस्कटते तेव्हा

गर्भपात झाला किंवा वैद्यकीय कारणाने करावा लागला, तर त्या दिवसापासून सहा आठवडे पगारी रजा. डिस्चार्ज कार्ड पुरावा म्हणून चालतं. २६ आठवड्यांनंतर मृत बाळ जन्मलं, तर कायद्याच्या दृष्टीने तो गर्भपात नाही, प्रसूतीच आहे, आणि पूर्ण रजा मिळते. या एका बाबतीत अनेक कार्यालयांत चुकीची रजा लावली जाते. त्या अवस्थेत आईने एचआरशी हुज्जत घालायची नाही. घरातल्या कुणीतरी रुग्णालयाचा आठवड्यांचा उल्लेख असलेला कागद घेऊन जावं. नसबंदी केली तर दोन आठवडे वेगळे.

दत्तक घेणाऱ्या आईला आणि सरोगसीतून मूल झालेल्या आईला बाळ हाती आल्यापासून १२ आठवडे. दत्तकाला कायद्याच्या मूळ मजकुरात बाळ तीन महिन्यांहून लहान असण्याची अट आहे. सोडून दिलेलं मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर व्हायलाच दोन महिने जाऊ शकतात, म्हणजे ही सवलत बरीचशी कागदावरची. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, तेव्हा अर्ज करताना ताजी स्थिती वकिलाकडून समजून घ्या.

बाबांची रजा

खासगी नोकरीत पितृत्व रजेचा कायदा नाही. जे काही आहे ते कंपनीच्या धोरणात. एचआरला तीन गोष्टी विचारा: कामाचे दिवस की कॅलेंडरचे, एकदम घ्यायची की तुकड्यांत, आणि किती महिन्यांत वापरली नाही तर बुडते. धोरणच नसेल तर वर्षभर हक्काच्या रजा साठवणं एवढंच हातात राहतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर, आणि प्रसूतीनंतर सहा महिन्यांच्या आत घ्यायचे. नंतर हक्क जातो. आमचं मत विचाराल तर रुग्णालयात पहिल्या दिवशीच सगळी रजा संपवू नये. तिथे माणसं असतात. खरी गरज पाहुणे पांगल्यावर, आईची झोप उडालेली असताना लागते.

सरकारी नोकरी

केंद्र आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे मातृत्व रजा १८० दिवस. त्याशिवाय बालसंगोपन रजा आहे. केंद्रात ती पूर्ण सेवेत ७३० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत; पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्क्यांवर. एकल वडिलांनाही मिळते. महाराष्ट्रात २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने १८० दिवस, तुकड्यांत वापरण्याची. ही रजा मागितल्यावर लगेच मिळेलच असं नाही, कार्यालयाची सोय पाहिली जाते. शाळेच्या परीक्षा किंवा मार्चअखेर गाठून अर्ज केला तर तो टेबलावरच राहतो.

पगार नसलेल्यांसाठी

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत: गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी झाल्यावर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या फेरीचं लसीकरण झाल्यावर २,०००. दुसरं मूल मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. नियमित सरकारी नोकरीतल्या किंवा अन्य कायद्याने असाच लाभ घेणाऱ्या बायका यात बसत नाहीत. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, ई-श्रम कार्ड, दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड, मनरेगा जॉबकार्ड, अनुसूचित जाती-जमाती, यांतला एक पुरावा लागतो.

फॉर्म आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात. पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि घोळ होतो तो तिथेच. फॉर्मवर कुठलंही पासबुक लावा, रक्कम आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं असेल तिथेच पडते. नवऱ्याचं खातं चालत नाही. 'पैसे आलेच नाहीत' असं म्हणण्याआधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला सीड झालंय ते विचारा. लग्नाआधीचं, विसरलेलं खातं बहुधा तिथेच सापडतं.

सरकारी रुग्णालयात जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, जेवण आणि ने-आण मोफत आहे. १०२ ची गाडी त्यासाठीच. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या आईला जननी सुरक्षा योजनेतून महाराष्ट्रात गावात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. बांधकाम मजूर म्हणून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद जिवंत असेल तर साध्या प्रसूतीला १५,००० आणि शस्त्रक्रियेला २०,००० रुपये, पहिल्या दोन बाळंतपणांसाठी. नोंदणीचं नूतनीकरण चुकलेलं असलं की अर्ज तिथेच थांबतो. पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाच्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर मुलगी झाली आणि उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर 'लेक लाडकी'चा जन्माचा ५,००० चा हप्ता अंगणवाडी ताईंकडून मागा.

जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथल्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते, राहत्या गावी नाही. २१ दिवसांत ती फुकट. माहेरून निघताना दाखला हातात घेऊनच निघा, त्यावरच्या आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी ताडून. कंपनीचा गट आरोग्य विमा असेल तर त्यात बाळाचं नाव घालायची मुदतही थोड्या दिवसांचीच असते.

परत रुजू होताना आणि कुणी अडवलं तर

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दोन वेळा दूध पाजायला सुट्टी मिळते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याचं दोघांच्या संमतीने ठरवता येतं. ठरलं तर किती दिवस आणि किती तास ते ईमेलवर घ्या.

रजेच्या काळात कामावरून काढणं किंवा पगार, पद, बदली यांत नुकसानकारक बदल करणं बेकायदा आहे. काढलंच तर ६० दिवसांत अपील करावं लागतं. अनुभवी मालक काढत नाहीत, राजीनामा लिहून मागतात: 'आत्ता दे, बाळ मोठं झालं की परत घेऊ.' तो कागद सही झाला की हातचे हक्क जातात. सही न करता, झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने त्यांनाच लिहून पाठवा. मग नियुक्तीपत्र, तीन महिन्यांच्या स्लिपा, नोटिशीची पोच, डॉक्टरांचा दाखला आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. तक्रारीत किती दिवस, किती दर आणि किती रुपये येणं बाकी आहे, हा हिशेब पहिल्याच पानावर मांडा.